रकाना बारा

मंगळवारी दुपारी पत्रक आलं, तीन पानांचं.
शाई संपत आलेली, म्हणून तिसरं पान भुरकट.
लाखांदूरच्या दवाखान्यात, चिठ्ठीच्या खिडकीला लागून
माझं टेबल: संगणक, अंगठ्याचं यंत्र,
ड्रॉवरमध्ये डिंकाची वाळलेली बाटली.

पत्रकात एक तक्ता होता.
रकाना दहा: कुटुंबामागे सरकार विमा कंपनीला देणार तो हप्ता.
रकाना अकरा: गेल्या सालापेक्षा वाढ.
रकाना बारा: हप्त्यावरचा कर.
आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
तरतूद तेवढीच असल्याने
खालील उपचार यादीतून तूर्त स्थगित.

तूर्त हा शब्द मी सहा वर्षं टाइप करतो आहे.

बुधवारी बिरजा नान्हे आली, सकाळच्या पहिल्या गाडीनं.
पित्ताशयात खडे. सोनोग्राफीचा कागद खताच्या पिशवीत घडी घालून,
त्याच पिशवीत कार्ड,
कार्डाला सुकल्या झिंग्याचा वास.
अंगठा लागेना.
तलावात जाळं ओढून ओढून रेघाच गेलेल्या.
ओल्या पदरानं पुसला, फुंकर मारली, चौथ्यांदा लागला.
हिरवी खूण आली.
यंत्रानं तिला ओळखलं, यादीनं नाही.

"कायले नाही म्हन्ते? मांगच्या सालीच त आमच्या जावेचं झालं."

मी तक्ता तिच्याकडे फिरवला, तिला वाचता येत नाही हे विसरून.
म्हटलं, मावशी, तुमच्या नावानं सरकार कंपनीला पैसे भरते.
त्या पैशावर कर बसतो.
तो कर सरकारकडे जातो.
ती बोटानं टेबलावरच्या धुळीत रेघ ओढत होती,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
"म्हन्जे सरकारनं सरकारले देल्ला?"
हो, म्हणजे, थोडा या सरकारनं त्या सरकारला,
थोडा स्वतःचा स्वतःला.
"मंग मधात मी कायले?"

माझा पगारही त्याच हप्त्यातून निघतो
हे मी तिला सांगितलं नाही.

सुचेना, म्हणून गिरणीचं उदाहरण दिलं.
धान तुमचा, भरडाई द्यावी लागते,
कोंडा गिरणीवाला ठेवून घेतो,
घरी येणारा तांदूळ तेवढा कमी.
ती हसली, उजवी बरगडी दाबून धरत.
"कोंडा मी इकत आनते ना बापा, मासोळ्यायले टाकाले.
कोंड्याची मासोळी होते.
तुमच्या या बाराव्या घराचं काय होते?"

मागे रांग खाकरली.
एक म्हातारा म्हणाला, चला लवकर, बाराची गाडी चुकते.

डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या.
आमच्या खोक्यात नव्हत्या.
समोरच्या दुकानातून घेऊन ती परत आली,
पावती माझ्यापुढे धरून, "हे बरोबर हाय का पाहून देजा."
बेचाळीस रुपये.
खाली वेगळ्या ओळीत, त्यातला कर:
दोन रुपये. (अर्धा या सरकारचा, अर्धा त्या.)
ती म्हणाली, "हे दोन कोनाचे?"
मी म्हटलं, हेही सरकारचेच.

ती थोडा वेळ पावतीकडे बघत राहिली,
उसना दिलेला पायलीभर तांदूळ आठवावा तशी.
"बरं झालं," म्हणाली. "तिकडं तेवढेच कमी पडले असन."

टोमणा होता की नाही
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.
चेहरा सरळ होता.
गोळ्यांची पट्टी कमरेला खोचून ती फाटकाकडे गेली,
दोनदा थांबली, भिंतीला हात लावून.

तिच्या नावापुढे मी लिहिलं: तूर्त.
मग बारावा रकाना कागदावर पुन्हा जुळवून पाहिला,
चूक सापडेल या आशेनं.
बेरीज बरोबर होती.
पैसुद्धा कुठे हरवला नव्हता.

यंत्राच्या काचेवर झिंग्याचा वास राहिला होता.
पुढच्या माणसानं नाक मुरडलं,
आणि शर्टाला अंगठा पुसून टेकवला.